खासदारांना पेढे
पेढ्यांचा बॉक्स उघडला की मला इंग्लंडात मिडलंड्समधल्या आमच्या गावचा तो गारठलेला चर्चचा हॉल आठवतो. शनिवारी तिथे खासदार लोकांची गाऱ्हाणी ऐकत. बायकोचा व्हिसा वर्षभर अडकलेला, आणि मी सातवीत शाळा सोडलेला, बोलणार कसा, या काळजीने झोप उडाली होती. खोलीतला मित्र पक्का लेबर पक्षवाला, आणि खासदार विरुद्ध पक्षाचे. मित्र म्हणाला, "त्या खासदाराच्या पक्षाचे लोक पाकिटं घेऊन पार्लमेंटात प्रश्न विचारतात, रोज पेपरात येतंय, आणि तू त्याच्याच दारात?" मी म्हणालो, "मग तुझ्या पक्षाचा खासदार आण इथे, त्याच्याकडे जातो!" हॉलमध्ये खासदारसाहेबांनी माझं मोडकंतोडकं इंग्रजी सगळं ऐकून घेतलं. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून नेलेले पेढे मी टेबलावर ठेवले, तर साहेब खुर्चीसकट मागे सरले. "नो, नो! आधी उचला ते!" आता कसला व्हिसा, असं वाटलं, पुढे पोस्टमन आला की पत्र मी मित्रालाच उघडायला लावायचो. पण त्यांनी शब्द टाकला होता. बायको आली. मग निवडणुकीत साहेब पडले, मित्र खोलीत नाचला. दुसऱ्या दिवशी मी आणि बायको पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. "आता चालेल," म्हणत त्यांनी दोन उचलले. माझं मत कुणाला पडलं होतं, हे मित्र अजून विचारतो.