देवरूखचं नेहमीचं

आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटत होता. लोक अशा वेळी 'आमचे मतभेद होते' वगैरे बोलतात. कसले मतभेद? पोटात दुखत होतं माझ्या. आणि ते एका फळ्यावरून दुखत होतं, हे आज कुणाला सांगितलं तर हसतील.

रत्नागिरीत कुवारबावच्या अंगाला काकींचं घर आहे. घरामागे लांब शेड, शेडमागे कातळ. मे महिन्यात कातळावर पापड वाळायचे आणि बाकीचं वर्ष शेडमध्ये पापड, आंबापोळी, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ पाकिटांत भरलं जायचं. काकी मालकीण. मी त्यांच्या नात्यातली नव्हे. पंधरा वर्षांपूर्वी पापड लाटायला म्हणून आले आणि हळूहळू सगळा माल नि सगळ्या ऑर्डरी माझ्याकडे आल्या. आम्ही सातजणी होतो. कुठल्या डब्यात काय, कुठला दुकानदार काय नेतो, कोण फोनवर गोड बोलतो आणि मग माल परत पाठवतो, सगळं माझ्या डोक्यात. वहीबिही काही नाही. साठवणीच्या प्रत्येक डब्यावर मात्र माझ्या हातची चिठ्ठी असायची. माझा 'ळ' जरा शेपटीवाला आहे, तो तिथे सगळ्यांच्या ओळखीचा.

सकाळी नऊच्या सुमाराला काकी मागच्या पडवीत येऊन बसायच्या. मी चहा करायचे. गवती चहाची पात, आलं आणि अर्धा चमचा साखर. काकींना मधुमेह, डॉक्टरांनी साखर तोडलेली. घरात त्या बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायच्या. पडवीतला अर्धा चमचा आमच्या दोघींतच होता. पहिला घोट घेतला की विचारायच्या, "काय गो, आज काय?" मग मी सांगायचे की चिपळूणचं पार्सल जायचंय, आगळाच्या बाटल्या कमी पडतायत, अमकी आज येणार नाही. त्या मान डोलवायच्या. पाच मिनिटांत दिवस ठरायचा. माझ्या स्वतःच्या घरात मला असं कुणी विचारत नाही. तिथे सगळे मला फक्त जेवायला काय आहे तेवढं विचारतात.

मग त्यांची सून आली. काकींचा मुलगा बोटीवर असतो, सहा-सहा महिने समुद्रात. सून पुण्याला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती नोकरी सोडून रत्नागिरीला राहायला आली. चार दिवस शेडमध्ये नुसती हिंडली. प्रत्येकीशी बोलली, मला तर शंभर प्रश्न विचारले. पाचव्या दिवशी भिंतीवर फळा टांगला.

फळ्यावर तीन रकाने: करायचं, चाललंय, झालं. प्रत्येक कामाची एक रंगीत चिठ्ठी. काम हातात घेतलं की आपण आपल्या हाताने चिठ्ठी उचलून पुढच्या रकान्यात लावायची. रोज नऊ वाजता सातहीजणींनी फळ्यासमोर उभं राहायचं. बसायचं नाही, बसलं की गप्पा लांबतात. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय, प्रत्येकीने एवढंच बोलायचं. दर पंधरा दिवसांनी मागे वळून बघायचं की काय जमलं आणि काय फसलं. पुण्याच्या तिच्या कंपनीत असंच चालायचं, त्याला अजाईल म्हणतात म्हणे. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पापड काय कॉम्प्युटरमध्ये वाळतात?

पण नऊची वेळ म्हणजे माझ्या चहाची वेळ. काकींसाठी फळ्यासमोर खुर्ची मांडली गेली आणि पडवी ओस पडली. चहा मी नेऊन देत होते, अर्धा चमचा साखरही होती, पण पहिला घोट घेऊन त्या बघायच्या फळ्याकडे. "काय गो, आज काय?" हे आता सुनेला. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

बायकांनी तरी नाकं मुरडावी? छे. आमच्यात एक साठीची आजी होती, देवरूखकडच्या डोंगरातल्या गावची. पहिल्या दिवशी सूनबाईंनी सगळ्यांची कामं वाचून दाखवली, "कुठे काही अडलं तर इथे सांगायचं, कुणी कुणावर रागवायचं नाही" असं सांगितलं, आणि आजींनी सवयीने हात जोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा." आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण उभा राहून सगळं बोलतो आणि बाकीचे असाच होकार देतात. सगळ्या खो खो हसल्या. सूनबाईंना आधी कळलं नाही, कळल्यावर ती सगळ्यांत जास्त हसली. तेव्हापासून रोज सकाळचं बोलणं संपलं की सातजणींचा एका सुरात "व्हय म्हाराजा". म्हणजे सहाजणींचा. मी ओठ हलवायचे.

आणि सगळ्यात झोंबलं ते हे की तिचं बरोबर होतं. पूर्वी आम्ही एखादी नवी चटणी करायची म्हणजे एकदम मोठा घाणा काढायचो आणि खपली नाही की सहा महिने तिच्याकडे बघत बसायचो. ती म्हणाली, आधी दहा पाकिटं करू, तीन दुकानांत देऊ, लोक काय म्हणतात ते ऐकू, मग पुढचं. सुकटीच्या चटणीला लोक म्हणाले तिखट कमी करा. केलं. आता ती चटणी मागून नेतात. हे मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं. काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या चटणीची गोष्ट सांगायच्या आणि मी आत डबे आपटायचे.

श्रावण तोंडावर आला होता. देवरूखच्या बाजारात आमचा एक जुना दुकानदार, बारा वर्षांचा. त्याची बोलायची पद्धत एकच: "नेहमीचं पाठवा." फोन करायचा, एवढंच म्हणायचा आणि ठेवायचा. या वेळी फोन सूनबाईंनी उचलला. नेहमीचं, शनिवारच्या आत, एवढाच निरोप. तिने त्याच्या मागच्या चार ऑर्डरींची बिलं काढून बघितली. चारीत पोह्याचे पापड, कुळथाचं पीठ, मिरगुंडं. तिने चिठ्ठीवर तेच लिहून 'करायचं'मध्ये लावली.

पण श्रावणात त्याचं नेहमीचं वेगळं असतं. साबुदाण्याचे पापड, बटाट्याचा कीस, वऱ्याचं पीठ. डोंगरातल्या गावांची माणसं पहिल्या सोमवारच्या आधी शनिवारी बाजाराला येतात आणि महिन्याचं उपासाचं भरून नेतात. हे त्याने मला एकदाच सांगितलं होतं, बारा वर्षांपूर्वी. उपासाचे डबे मी मे महिन्यातच त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवले होते, वर माझी चिठ्ठी लावून.

फळ्यावरची चिठ्ठी मी बुधवारी बघितली. सूनबाई रोजच्यासारखी एकेकीला विचारत माझ्यापाशी आली.

"ताई, तुमचं काही अडलंय?"

"नाही," मी म्हटलं.

धरली मिठाची गुळणी. विचार म्हटलं तुझ्या फळ्याला. गुरुवारी चिठ्ठी 'चाललंय'मध्ये गेली, आजी माझ्या डोळ्यांदेखत पोह्याचे पापड भरत होत्या. शुक्रवारी पार्सल एसटीने गेलं आणि चिठ्ठी 'झालं'मध्ये. तीन दिवस होते माझ्याकडे. मला वाटत होतं, होऊन होऊन काय होईल? फोन येईल, तो चिडेल, काकी म्हणतील, तिला विचारायला हवं होतं. आणि माझी पडवी मला परत मिळेल. एवढंच हवं होतं मला, दुसरं काही नाही.

शनिवारी संध्याकाळी फोन आला, थेट काकींना. तो चिडला नाही, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाला की गिऱ्हाईक सकाळपासून परत गेलं, दुपारी मी दुसरीकडून माल उचलला, यापुढे तिथूनच घेईन. काकींनी फोन मांडीवर ठेवला. तिला विचारायला हवं होतं, हे काही त्या म्हणाल्या नाहीत. मी दारात उभी होते तरी माझ्याकडे त्यांनी बघितलंदेखील नाही. सुनेला एवढंच म्हणाल्या, "तो फळा काढून ठेव."

ती हो म्हणाली. चूक माझीच आहे म्हणाली. फक्त मंगळवारी पंधरा दिवस भरतायत, तेवढी शेवटची बैठक होऊ दे, मग काढते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, रविवारभर. सोमवारी आजी कामावर आल्या त्या रडवेल्या होऊन. माल मी भरला, त्या म्हणत होत्या. मी तर तिकडचीच, श्रावणात तिकडे काय लागतं ते मला कळू नये? माझं वय झालं, मला आता ठेवू नका. सूनबाई त्यांची समजूत काढत होती की तुम्ही चिठ्ठीप्रमाणे भरलंत, चूक चिठ्ठीची, चिठ्ठी माझी. दोघी एकमेकींकडून ती चूक हिसकावून घेत होत्या आणि जिची ती होती ती मी, लसूण सोलत बसले होते. मान वर करायची माझी छाती झाली नाही.

मंगळवारच्या बैठकीची रीत अशी: प्रत्येकीने काय फसलं ते कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही, घडी करून डब्यात टाकायचं. म्हणजे माणूस मोकळेपणी लिहितं. ती मग एकेक उघडून वाचायची. मी कागद घेतला. लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं की नाव घातलं काय, न घातलं काय. माझ्या मागे भिंतीला लागून साठवणीचे डबे रचलेले होते आणि एकेकावर माझं अक्षर होतं.

तिने तिसरी घडी उघडली ती माझी. वाचायला तोंड उघडलं आणि थांबली. नजर डब्यांकडे गेली, परत कागदावर आली. मनात आणलं असतं तर ती तो कागद खाली सरकवू शकली असती. मला क्षणभर वाटलं, सरकवेल. पण तिने वाचला, जसा होता तसा.

"देवरूखचं मला माहीत होतं. डबेही काढून ठेवले होते. मी बोलले नाही."

मग आजी, सवयीने की कशाने देव जाणे, अगदी हळू म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." या वेळी कुणी हसलं नाही. काकी खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, गुडघा सांभाळत घरात गेल्या.

फळा राहिला. मला कुणी काढून टाकलं नाही, टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी 'करायचं'मध्ये नवी चिठ्ठी होती: प्रत्येकाचं नेहमीचं ताईंकडून लिहून घेणे. बस्स. ना ओरडणं, ना टोमणा. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. माफ करायचा मोठेपणासुद्धा हिनेच घ्यावा? मग रोज दुपारी ती वही घेऊन माझ्याशेजारी बसायची आणि मी सांगायचे. चिपळूणवाल्याला गणपतीच्या आधी काय लागतं, हेदवीला यात्रेकरूंना कुठलं पाकीट परवडतं, अलोऱ्याच्या बाईंना आगळात मीठ किती चालतं. पंधरा वर्षं डोक्यात होतं ते आठ दुपारी वहीत उतरलं. देवरूखला मी स्वतः फोन केला, चूक माझी म्हणून सांगितलं. तो ऐकून घेत होता. नवरात्रात बघू म्हणाला आणि फोन ठेवला.

आणि त्या आठ दिवसांत काकी माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मी फळ्यापाशी चहा नेऊन ठेवायचे, तो तसाच निवायचा. आठव्या दुपारी वही मिटता मिटता सूनबाई म्हणाली, "ताई, आईंचा सकाळचा चहा मी करून बघितला. म्हणाल्या, तुला नाही जमायचा. तुम्ही काय घालता त्यात?"

काय सांगू कसं वाटलं ते. आठ दिवसांत पहिल्यांदा अन्न गोड लागेल असं वाटलं.

"गवती चहा आणि आलं," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

तिने तेही वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी चहा फळ्यापाशी नेलाच नाही. साडेआठलाच चहा केला आणि पडवीत कप ठेवून उभी राहिले. काकी आल्या. बसल्या. कपाकडे बघत राहिल्या, मग उचलला आणि एक घोट घेतला.

"बोलायचं होतंस गो," त्या म्हणाल्या.

"हो काकी."

दुसरा घोट घेतला. आज काय, ते त्यांनी विचारलं नाही, ते नऊ वाजता फळ्यापाशी विचारणार होत्या. पण उठल्याही नाहीत. तेवढ्यात सूनबाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन शेडकडे जाताना दारात थांबली. आम्हा दोघींना तिथे बघून तिला खरंच बरं वाटलं असावं.

"बिनसाखरेचा आहे ना, ताई?" तिने विचारलं.

आम्ही दोघी एकदमच 'हो' म्हणालो.