कोरड्या रस्त्यावर घसरणारं चाक

सगळे त्यांना सबुरीकाका म्हणत. गॅरेजात आलेल्या कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडण्याआधी ते "सबुरी" म्हणत आणि गिऱ्हाइकाला खोदूनखोदून विचारत. बायको चिडवायची, "लग्न ठरवताना माझीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती!"

एका दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. चाक घसरायला लागलं की त्याला आवरणारा ट्रॅक्शन कंट्रोल असतो ना, त्याचा दिवा त्यांना छळत होता.

"सबुरी. पेटून राहतो की लुकलुकतो?"

"लुकलुकतो. चढावरच्या वळणावर, रोज तिथंच. पुढं गेलं की गप्प."

काकांनी स्कॅनर लावला. बिघाडाची नोंद नाही. चाकांचे सेन्सर, वायरी, टायर, सगळं ठाकठीक. दिवा पेटून राहिला तर यंत्रणा बिघडलेली. लुकलुकला तर चाक खरंच घसरतंय. पण पावसाचा टिपूस नसताना घसरेल कशावरून?

"चला, दाखवा मला."

वळणावर ऊन रणरणत होतं. दिवा लुकलुकला आणि चाक क्षणभर सुटल्यासारखं झालं. गाडी थांबवून काका उतरले. डांबरावर पिठासारखी बारीक, ओली माती होती. त्यांनी ती बोटानं पुसली. डांबरातल्या भेगेतून ती पुन्हा वर आली, खालून कुणी हलकेच लोटावी तशी.

त्यांनी पाय आपटला. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मग भेगेला कान लावला. खाली पाणी वाहत होतं. मध्येच थांबायचं, आणि थांबलं की कुणीतरी लांब श्वास घ्यायचं. गार झुळूक कानात शिरली. भर उन्हात काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बाई, खाली उतरा," ते कुजबुजले. "दार आपटू नका."

"आपण हळू का बोलतोय?" बाईही कुजबुजल्या.

हँडब्रेक सैल करत, खिडकीतून स्टिअरिंग धरून काकांनी गाडी इंच इंच उतारावर मागं घेतली. मग नगरपालिकेला फोन करून रस्ता बंद करवला.

चार दिवसांत ते वळण अख्खं खचलं. रस्ता बंद होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. नर्सबाई खड्डा बघून थेट गॅरेजात आल्या आणि त्यांनी काकांना हात जोडले.

जुनी पाइपलाइन फुटून माती वाहून गेली होती, असं निघालं. पाण्याचा उलगडा झाला. श्वासाबद्दल काकांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

नवा रस्ता झाला, वाहतूक सुरू झाली. काका मात्र अजून लांबच्या वाटेनं घरी जातात. बायकोनं विचारलं की म्हणतात, "तिकडं गर्दी असते."