न उचलायचा फोन

आत्याचा फोन खिडकीच्या चौकटीत ठोकलेल्या खिळ्यावर टांगलेला असायचा, प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोऱ्याने बांधून. साऱ्या घरात रेंज यायची ती तेवढ्याच वीतभर जागेत. टेकडीच्या उतारावरची ती वस्ती, पत्र्याची घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी, आणि मधून वर जाणाऱ्या तीनशे बारा पायऱ्या. आत्याचं घर निम्म्यावर होतं, खाली सार्वजनिक नळ आणि वर पाण्याची टाकी.

सून लग्न होऊन आली ती सासूला आत्या म्हणू लागली आणि तिचं ऐकून अख्खी वस्तीच म्हणू लागली. धंद्याने आत्या सुईण. हाताला यश, जिभेला धार आणि गुडघ्यांना दुखणं, अशी तिची एकूण मिळकत. दवाखाना खालच्या रस्त्यावर होता, पण अडलेल्या बाईला त्या पायऱ्यांवरून खाटेवर घालून न्यायचं की घरीच सोडवायचं, हे आत्या ठरवायची. म्हणून आधी आत्याला बोलवायचं.

बोलवायची रीत ठरलेली होती. एक मिसकॉल म्हणजे सगळं सुखरूप. दोन म्हणजे कळा सुरू झाल्या, बाळंतपणाची पिशवी भरून ठेवा. तीन म्हणजे असाल तशा निघा. फोन उचलायचा नाही, कारण उचलला की समोरच्याचा बॅलन्स जातो, आणि त्या वस्तीत बॅलन्स कुणाकडेच धड नसे. आठ वर्षांत आत्या त्या फोनवर एक शब्द बोललेली नव्हती. अक्षरओळख नव्हती, पण आकडे कळत. नंबराचे शेवटचे दोन आकडे बघून ती माणूस ओळखायची.

खिळ्याची मात्र गोष्ट होती. दीड वर्षापूर्वीपर्यंत फोन आत्याच्या कमरेला असायचा. टाकीजवळ राहणाऱ्या गवंड्याची बायको पहिल्यांदा अडली तेव्हा गवंड्याने तीनही मिसकॉल दिले, आणि आत्या रेंज नसलेल्या कोपऱ्यात भांडी घासत बसलेली. ती पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. गवंडी एका शब्दानेही बोलला नाही, आणि तेच आत्याला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने तो खिळा ठोकला. आता गवंड्याची बायको पुन्हा दिवसांत होती आणि आत्या रोज एकदा खिळा हलवून बघायची, पक्का आहे ना.

अशा घरात एक पाहुणी राहायला आली. लांबच्या श्रीमंत देशातली, चाळिशीला टेकलेली. गरीब देशांतली माणसं मोबाइल कसा वापरतात ते हिंडून बघायचं आणि त्यावर पुस्तक लिहायचं, असं तिचं काम. भाषा सहा महिने वर्गात बसून शिकलेली, त्यामुळे बोलायची ती सरकारी पत्रासारखं. पहिल्याच दिवशी वही उघडून तिने विचारलं, "आपण दिवसातून किती वेळा दूरध्वनी करता?"

आत्या म्हणाली, एकदाही नाही. मग येतात किती? एकही नाही, नुसता वाजतो. पाहुणीने वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि आपलंच व्याकरण चुकलं असेल असं धरून चालली. सून तोंडाला पदर लावून हसत होती. समजावून सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पाणी वरून खाली वाहतं हे पाहुण्याला कुणी सांगत बसतं का?

पाहुणी गुणी होती. भाजी चिरायची, पायऱ्या झाडायची, आत्याच्या गुडघ्यांना तेलसुद्धा चोळून द्यायची. चौथ्या दिवशी दुपारी सून कामावर गेलेली, आणि आत्याला धुणं घेऊन नळावर जायचं होतं. एरवी ती सून घरात असल्याशिवाय हलत नसे. पण गवंड्याच्या बायकोला अजून वीस दिवस अवकाश होता आणि नळाचं पाणी काही थांबणार नव्हतं. फोनकडे लक्ष ठेव, असं पाहुणीला सांगून ती खाली उतरली.

पाहुणीने लक्ष ठेवलं. तिच्या देशात फोनवर लक्ष ठेवणं म्हणजे जे समजतात, तसं. फोन वाजल्याबरोबर तिने पिशवी सोडली, फोन उचलला आणि आपली स्वच्छ, छापील भाषा सुरू केली. आत्या बाहेर गेल्या आहेत, आपला निरोप कृपया सांगावा. पलीकडे कुणीतरी धापा टाकत असल्यासारखा आवाज आला आणि फोन बंद पडला. नंतर तो वाजलाच नाही.

आत्या पिळे खांद्यावर टाकून आली तेव्हा पाहुणीने मोठ्या कौतुकाने सांगितलं की एक फोन आला होता, तिने घेतला, पण त्या माणसाला बहुधा काही बोलायचंच नव्हतं.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिने फोन हातात घेतला. शेवटी चव्वेचाळीस, गवंड्याचा नंबर. आता हा एकातला एक, दोनातला पहिला, की तीनातला पहिला, हे कसं कळायचं? उचलल्यामुळे त्याचा बॅलन्स गेला असणार, म्हणजे पुढचे वाजणारही नव्हते. आत्याने उलट फोन करावा तर तिच्या फोनमध्ये बॅलन्स कधी भरलेलाच नव्हता. पाहुणीने पटकन आपला फोन काढला. आत्याच्या घराएवढी किंमत असेल त्याची, पण त्यातल्या परदेशी कार्डाला, खिळ्यापाशी धरा की दारात, रेंजची एक काडी उठेना. बडा घर पोकळ वासा!

"काय झालं?" पाहुणीने विचारलं, आणि आत्याने मोजक्या शब्दांत सांगितलं. पाहुणीचा चेहरा पांढराफटक पडला. ती रडायच्या बेतात आली तशी आत्याने बाळंतपणाची पिशवी तिच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "रडायचं ते वर पोचल्यावर. आता चढ."

कळा सुरू नसतील तर फुकटचा चढ होईल, गुडघे आठवडाभर शिव्या देतील, एवढंच ना. आत्या एकेका पायरीवर हात टेकत चढत होती. मनात मात्र दीड वर्षापूर्वीच्या याच पायऱ्या आणि तोच गवंड्याचा न बोलणारा चेहरा. देवा, यावेळी तरी, एवढंच ती म्हणत होती.

टाकीच्या अलीकडे, सिमेंटचे हात तसेच घेऊन गवंडी धावत खाली येताना भेटला.

"आत्या, फोनवर कुणी साहेबीण बोलली. मला वाटलं, तुम्ही नंबर विकलात."

"किती द्यायचे होते?"

"तीन."

पुढच्या चाळीस पायऱ्या आत्याला गवंड्याने जवळजवळ उचलूनच नेलं. खोलीला खिडकी नव्हती आणि वीज सकाळपासून गेलेली. शेजारीण काडेपेट्यांशी झटापट करत होती. तेव्हा पाहुणीने आपला तो महागडा फोन काढला, त्याचा दिवा लावला आणि आत्या सांगेल तिथे धरला. उजेड तिने एकदाही हलू दिला नाही. बाळ आलं ते नाळेचा वेढा गळ्यात घेऊन, निळसर. आत्याने वेढा सोडवला, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग पोरगी अशी काही रडली की खालच्या नळावरच्या बायकांनी माना वर केल्या म्हणतात.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. गवंडी बाहेर पायरीवर बसला आणि या खेपेला तोही मोठ्याने रडला.

संध्याकाळी उतरताना पाहुणी पुन्हा पुन्हा माफी मागत होती. आत्याने तिला थांबवलं. चूक माझी, ती म्हणाली, लक्ष ठेव म्हटलं आणि तू ठेवलंस. कशावर ठेवायचं ते मी सांगितलंच नाही. मग अर्ध्या वाटेत बसून तिने एक, दोन, तीन सगळं शिकवलं. पाहुणीने वहीतलं ते प्रश्नचिन्ह खोडलं. वही मिटली, आणि मग तिची छापील भाषा कुठल्या कुठे गेली.

"मला मूल हवंय. पण भीती वाटते."

"सगळ्यांनाच वाटते," आत्या म्हणाली. "वेळ आली की मिसकॉल दे."

"तुम्ही एवढ्या लांब कशा येणार?"

"येणार कशाला? मला कळेल ना."

पाहुणी गेली. तिसऱ्या दिवशी अधिकचं चिन्ह असलेल्या लांबलचक नंबरावरून एक मिसकॉल आला. सुखरूप पोचली, आत्याने सुनेला सांगितलं.

पुढे दोन वर्षं काही नाही. गवंड्याची पोरगी पायऱ्या चढायला शिकली आणि चढली की आत्याच्या दारातच येऊन बसायची. एका सकाळी आत्या तिला भात भरवत असताना फोन वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला आणि थांबला. आत्याने उठून पाहिलं तर तोच लांबलचक नंबर.

दोन.

आत्याने पिशवी खाली काढली. धुतलेली फडकी, दोरा, साबण, सगळं एकेक तपासून भरलं आणि चुलीवर पाणी चढवलं. सुनेने विचारलं, समुद्र ओलांडून चाललात की काय? पिशवी मांडीवर घेऊन आत्या खिळ्याखाली बसली. जेवणाला उठली नाही, नळावर गेली नाही. आता तीन येऊ नयेत, एवढंच ती मनात म्हणत होती. दुपार उलटली, पोरगी तिच्या पायाशी झोपून गेली, ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं.

दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला, तोच लांबलचक नंबर. सुनेचा हात आपसूक पुढे गेला, तो आत्याने धरला. फोन थांबला. दोघी वाट बघत राहिल्या. पुन्हा वाजला नाही. एकच.

"सुटली," आत्या म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

"मुलगा की मुलगी?" सुनेने विचारलं.

"ते मिसकॉलात कुठलं कळायला," आत्या म्हणाली, आणि पिशवी पुन्हा जागच्या जागी टांगायला उठली.