मामांच्या हृदयाची दोन चित्रं
गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी माझ्या मामांच्या हृदयाचा न्यूक्लियर स्कॅन व्हायचा होता. तो झाला नाही. कारण चहा.

मामा चौसाळ्याजवळ मेंढ्या राखतात. झटका येऊन गेल्यावर अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी पूर्ण बंद दिसली. तिच्यावर जगणारा हृदयाचा स्नायू मेला असेल, तर ती उघडून उपयोग नाही. जिवंत असेल, तर उघडू, असं डॉक्टर म्हणाले. ते कळण्यासाठी संभाजीनगरला स्कॅन ठरला. मामांचे गुडघे गेलेले, हृदयावर ताण आणायला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवणं शक्य नव्हतं. म्हणून हृदयाच्या वाहिन्या रुंदावणारं औषध शिरेतून द्यायचं होतं. चहा घेतला की त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे आदल्या दिवसापासून चहा बंद.

वाटेत गेवराईला मामांच्या मुलीचं सासर. मी पेट्रोल भरून परत आलो, तोवर मामा तिथल्या ओसरीवर बसलेले. दवाखान्यात तंत्रज्ञाने विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही.

"बशीभरच घेतला. व्याह्याच्या दारचा चहा, न्हाई कसं म्हनावं?"

तंत्रज्ञाने हसून गुरुवारी बोलावलं. गुरुवारी आम्ही गेवराईत गाडी थांबवली नाही.

मामांच्या शिरेत थोडं किरणोत्सर्गी द्रव्य सोडलं, एकदा विश्रांतीत आणि एकदा ते औषध देऊन. रक्त पोचेल तिथेच ते पोचतं. कॅमेरा छातीभोवती सावकाश फिरत राहिला. तो किरण सोडत नव्हता, फक्त टिपत होता. किरण मामांच्या हृदयातून येत होते. काचेपलीकडून माझी नजर हलली नाही.

चित्रांच्या दोन ओळी आल्या. वरची, हृदयावर ताण असतानाची, खालची, विश्रांतीची. वर हृदयाच्या स्नायूचं नारिंगी कडं एका बाजूला तुटलेलं होतं. खाली तेच कडं पूर्ण होतं.

"हा भाग जिवंत आहे," डॉक्टर बोट ठेवून म्हणाले. "ताण आला की त्याला रक्त पुरत नाही, एवढंच."

मामा पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "परत दावा."

डॉक्टरांनी परत दाखवलं.

निघताना तंत्रज्ञाने बजावलं, आजचा दिवस गरोदर बायकांपासून आणि लहान मुलांपासून लांब राहा. मामांनी गाभण मेंढ्यांचं विचारलं. त्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो आत जाऊन डॉक्टरांना विचारून आला: आज मेंढ्यांच्या वाड्यापासून लांब झोपा.

पुढच्या सोमवारी वाहिनी उघडली. रक्त पुढे गेलं. बुधवारी मामांना घरी सोडलं.