मुठीत बसेल अशी मूठ

माझी काकू छापखान्यात बायंडिंग खात्यात होती, लग्नाच्या आधीपासून. आधी शिलाईला, मग चिकटवायला, मग कापणीच्या यंत्रावर. तिच्या हाताखालून गेलेलं पुस्तक उघडलं की टेबलावर सपाट पडायचं आणि मिटलं की पानांच्या कडा एका रेषेत यायच्या. घरात कोणी वर्तमानपत्र चुरगळून टाकलं तर तिच्या कपाळाला आठी पडे. काका म्हणायचे, "हिने माझ्याशी संसार केला नाही, मला बांधणीत घातलंय."

एका दुपारी कापणीच्या यंत्राचं पातं वर जाऊन थांबायला हवं होतं, ते थांबलं नाही, पुन्हा खाली आलं. काकूच्या उजव्या हाताची करंगळी मुळापासून गेली आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यावर आलं.

जखम भरली. नोकरीही राहिली. साहेबांनी तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं, बांधून आलेल्या पुस्तकांतली वाकडी बाजूला काढायला. पण उजवा हात तिने जाकिटाच्या खिशात घातला तो घातलाच. दुकानात सुटे पैसे डाव्या हाताने घेई, पाहुणे आले की चहाचा ट्रे मला आणायला लावी. आम्ही घरचे त्या हाताचा विषय काढत नसू, आणि आपण फार समजूतदारपणे वागतोय असं आम्हाला वाटे.

आत्याला असला समजूतदारपणा जमत नसे. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण, काकूची नणंद. रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहायची आणि बसडेपोत माइकवरून गाड्या सोडायची. घरातही ती गाडी सुटत असल्यासारखीच बोले. नणंद-भावजयीचं कधी भांडण झालं नव्हतं, पण तिसरं माणूस नसताना दोघी कधी चहाला बसल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

ही आत्या डेपोमागच्या जुन्या बॅडमिंटन हॉलमध्ये पिकलबॉल खेळायला लागली होती. टेनिसपेक्षा बरंच लहान मैदान, टेबल टेनिसच्या बॅटची थोरली बहीण शोभेल असं पॅडल आणि भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू. दोघी-दोघींचा डाव. तिच्या जोडीदारणीचा गुडघा गेला, तशी आत्या रविवारी सकाळी घरात शिरली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "वहिनी, उद्या संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर हॉलवर येताय."

"वन्सं, माझा हात..."

"हात ठाऊक आहे मला. मला जोडीला माणूस हवंय, बोटं नकोत."

काकांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. मी फरशीवरचे डाग मोजू लागले. आता काकू उठून आत जाणार असं आम्हाला वाटलं. पण ती आत्याकडे बघून म्हणाली, "किती वाजता?"

पहिल्या दिवशी मीही बघायला गेले होते. काकूची नजर चांगली होती, पायही चपळ होते. चेंडू जिथे येणार तिथे ती आधीच उभी असे. पण चेंडू पॅडलला लागला की पॅडल मुठीत गर्रकन फिरे. मुठीचा जोर करंगळीकडच्या बोटांत असतो, आणि तिथे काकूकडे काहीच नव्हतं. एका जोराच्या फटक्याला पॅडल हातातून निसटलं आणि भिंतीशी ठेवलेल्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे एकदम भलतीकडेच बघायला लागले. काकूने पॅडल उचललं, हात खिशात घातला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदार हडकुळा, चष्मा कपाळावर चढवलेला. काकूने डाव्या हाताने पॅडल काउंटरवर ठेवलं. "हातात फिरतंय हे."

"मूठ बारीक पडत असेल. जाड ग्रिप लावून देतो," तो म्हणाला आणि मऊ, गुबगुबीत ग्रिप गुंडाळून दिली.

जाड ग्रिपने पॅडलचं फिरणं कमी झालं, पण मनगटच जखडलं. पिकलबॉलमध्ये नेटजवळच्या पट्ट्याला किचन म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू अधांतरी मारायचा नसतो, म्हणून तिथला खेळ हळू हाताचा, चेंडू नुसता नेटपलीकडे सोडायचा. काकूचा चेंडू काही पलीकडे जाईना. त्यात कोपरापासून खालचा हात असा ठणकू लागला की सकाळी किटली उचलवेना.

"वहिनी, तुमच्या चेंडूचं नेटशी लग्न ठरलंय का?" आत्याने विचारलं.

 घरी येऊन काकूने ती जाड ग्रिप सोलून काढली आणि फोनवर व्हिडिओ लावून ग्रिप गुंडाळायला शिकायला बसली. तळापासून सुरुवात, तिरका वेढा, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडासा चढलेला, पट्टी ताणलेली पण रडकुंडीला न आलेली, आणि शेवटी वर चिकटपट्टी. उजव्या हाताच्या तीन बोटांनी ताण धरायचा, डाव्याने मूठ फिरवायची. सरावासाठी घरातली एकही मूठ तिने सोडली नाही. छत्री झाली, हातोडी झाली, केरसुणी झाली. काका ऑफिसला निघाले तर त्यांच्या बॅगेच्या कडीलाही निळी ग्रिप.

"मला वेटोळं घालायच्या आत मी निघतो," ते म्हणाले.

गुंडाळणं जमलं, पण पॅडल काही हातात बसेना. आम्ही पुन्हा दुकानात गेलो.

"जाड लावली तर हात दुखतो," काकू म्हणाली.

"मग बारीक लावू."

"बारीक लावली तर फिरतं."

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, राग मानू नका. तुम्ही दर वेळी मला पॅडल दाखवता, हात दाखवत नाही. चपलेच्या दुकानात पाय घरी ठेवून कोणी जातं का?"

त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. मला कुठे बघावं ते कळेना. दुकानात दुसरंही एक गिऱ्हाईक होतं, बूट घालून बघणारं.  मग काकूने खिशातून उजवा हात काढला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला, सरळ ट्यूबलाइटखाली. तो हात इतक्या जवळून मीसुद्धा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कातडी गुलाबी होती, कडेला जराशी गुळगुळीत. भयानक वगैरे काही नव्हतं.

दुकानदाराने हळहळ केली नाही. नवीन गिऱ्हाईक आल्यासारखा तो खुर्ची पुढे ओढून बसला. "मूठ वळा. आता हे पॅडल धरा. आवळू नका, नुसतं धरा." त्याने पॅडलची फळी एका बाजूने बोटाने ढकलली, मग दुसऱ्या बाजूने. "हं. तुमच्या तीन बोटांना बारीक मूठच हवी. पण खाली तुमच्या तळव्याला टेकायला काही नाही, म्हणून पॅडल तिथून वळतं. वर बारीक आणि खाली फुगीर अशी मूठ पाहिजे. तशी तयार मिळायची नाही."

"तयार नकोच," काकू म्हणाली. "मी करते."

"कराल?"

"आयुष्यभर पुस्तकांच्या पाठी केल्यात. ही त्यांच्यापेक्षा लहान आहे."

तो हसला. वेगवेगळ्या ओव्हरग्रिप त्याने पिशवीत घालून दिल्या. ओव्हरग्रिप म्हणजे मूळ ग्रिपवर चढवायची पातळ पट्टी, उशीवर घालायच्या अभ्र्यासारखी. "लावून बघा, आणि काय झालं ते मला सांगायला या. मलाही बघायचंय."

त्यानंतर आमचं जेवणाचं टेबल जेवणासाठी राहिलं नाही. काकूने मूठ पार उघडी केली, जुना गोंद अंगठ्याने चोळून काढला. आतलं लाकूड अष्टकोनी निघालं. डोळे मिटून ते हातात फिरवत ती म्हणाली, "ह्या कडा हाताला कळायला हव्यात. कळल्या तर पॅडलचं तोंड कुठे आहे ते न बघता समजतं. जाड गादीत हेच हरवलं होतं."

छापखान्यातून ती बांधणीच्या कापडाच्या टाकाऊ पट्ट्या घेऊन आली. खालच्या टोकाशी त्या एकीवर एक चढवून तिने फुगवटा केला, अर्ध्या बोटाला आणि करंगळीच्या जागेच्या तळव्याला टेकेल असा. पहिला फुगवटा फार खाली बसला. दुसरा इतका मोठा झाला की मूठ कांद्यासारखी दिसू लागली. तिसऱ्याला तिने उतार दिला. मग वरच्या पट्टीची पाळी. चिकट ओव्हरग्रिप छान धरून ठेवी, पण बॅकहँडला पॅडल हातात जरा सरकवायला जावं तर सोडेचना. बारीक भोकांची कोरडी पट्टी बरी निघाली, घाम पिऊन टाकायची. पण तिची कड काकूच्या अर्ध्या बोटाखाली सारखी उचकटे. काकूने दोन दिवस विचार केला आणि पट्टी उलट्या दिशेने गुंडाळली. कड पुन्हा उचकटली नाही.

त्या संध्याकाळी सरावाला आत्याने नेटपलीकडून जोरात सर्व्हिस केली. काकूने ती परतवली आणि पॅडल मुठीत तसूभरही हललं नाही. आत्या चेंडूकडे न बघता पॅडलकडेच बघत राहिली, नि पॉइंट घालवून बसली.

"दाखवा," ती म्हणाली. पॅडल हातात घेऊन लगेच परत दिलं. "माझ्या हातात दगड धरल्यासारखं वाटतंय."

"तुमच्यासाठी केलेलंच नाही ते," काकू म्हणाली.

मग दोघींचा सराव रोजचा झाला. खेळताना मधला चेंडू कोणाचा हे ओरडून सांगावं लागतं. सुरुवातीला आत्या "वहिनी, तुमचा!" म्हणेपर्यंत चेंडू जमिनीवर पडलेला असे. एक दिवस घाईत तिच्या तोंडून "तुझा!" गेलं. काकूने तो चेंडू अचूक मारला. पुढे कोर्टवर दोघींचं अरे-तुरे सुरू झालं आणि कोर्टाबाहेर पडल्या की पुन्हा अहो-जाहो. काका म्हणाले, "वीस वर्षं मी खपलो, ते एका चेंडूने केलं."

हिवाळा संपता संपता शहरातल्या सगळ्या हॉलची मिळून स्पर्धा झाली. पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात आमच्या दोघी एकेक जोडी हरवत अंतिम सामन्यात पोचल्या. समोर होत्या बँकेतल्या एक मॅनेजरबाई आणि शाळेत पीटी शिकवणाऱ्या एक बाई. गेल्या वर्षीचा चषक त्यांच्याच कपाटात होता.

सुरू व्हायच्या आधीच मॅनेजरबाईंनी पंचांना बोलावलं. "त्यांच्या पॅडलची मूठ काही वेगळीच दिसतेय. चालते का अशी?"

प्रश्न रास्त होता. पंचांनी पॅडल घेतलं, फळी चाचपून पाहिली, मूठ निरखली. "फळीला हात लावलेला नाही. ग्रिप बदलायला मुभा आहे. खेळा."

पहिला गेम आमच्या दोघींनी घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात कधी या पुढे, कधी त्या. हॉलमध्ये उकडत होतं, काकूच्या कोपरावरून घाम ठिबकत होता. नऊ-दहा अशा मागे असताना तिने एक चेंडू परतवला आणि मुठीवरची पट्टी सुटली. वरची चिकटपट्टी घामाने निघाली होती, ओव्हरग्रिप शेपटीसारखी लोंबू लागली.

आत्याने टाइम-आउट मागितला. एक मिनिट. "माझं जुनं पॅडल घे."

"नको. पिशवी दे."

काकू कोर्टवरच मांडी घालून बसली. पॅडल गुडघ्यांत धरलं, ओली पट्टी एका झटक्यात उलगडून फेकली, नवी काढली. चिकटपट्टीचा तुकडा दातांत. डावा हात मूठ फिरवू लागला आणि उजवा, तो तीन बोटांचा हात, सगळ्या हॉलच्या डोळ्यांसमोर पट्टी ताणून धरू लागला. वेढ्यावर वेढा, उलट्या दिशेने, एकसारखा. गॅलरीतली कुजबुज थांबली. पीटीच्या बाई नेटवरून वाकून बघायला लागल्या. पंच घड्याळ बघत होते. काकू घड्याळाकडे बघतही नव्हती. दातांतला तुकडा काढून तिने टोक आवळलं, अंगठ्याने दाबलं आणि उठली.

"वेळ," पंच म्हणाले.

"झालं," काकू म्हणाली.

पुढचा पॉइंट आत्याने मारला. दहा-दहा. मग काकूचा एक चेंडू रेषेवर पडला आणि आम्ही एकाने पुढे गेलो. जिंकायला दोनाची आघाडी लागते. शेवटच्या पॉइंटला चौघीही किचनच्या कडेला आल्या. हळू, हळू, एकीकडून दुसरीकडे चेंडू जात राहिला. मॅनेजरबाईंना जरा उंच चेंडू मिळाला. त्यांनी तो पूर्ण ताकदीने काकूच्या अंगावर मारला, बॅकहँडकडे, जिथे तिचं पॅडल पहिल्या दिवशी फिरलं असतं.

"तुझा!" आत्या ओरडली.

काकूने पॅडल नुसतं मध्ये धरलं. ते हललं नाही. चेंडूचा सगळा जोर त्या मुठीत जिरला, चेंडू अलगद नेटवरून पलीकडे उतरला आणि दोघींच्या मध्ये दोनदा टप्पा घेऊन थांबला.

त्यानंतरचा आवाज मला अजून आठवतो. आत्याने काकूला कमरेला धरून उचललं. काका गॅलरीच्या बाकावर चढून उभे होते, बायको कोणाची ते सगळ्यांना सांगत. खेळाच्या दुकानातला तो दुकानदारही आला होता. तो शेजारच्या अनोळखी माणसाला मुठीतला फुगवटा समजावून सांगत होता. पीटीच्या बाई नेटपाशी आल्या, काकूचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, "खेळ जाऊ दे. मला अशी ग्रिप गुंडाळायला शिकवाल?"

"या की रविवारी," काकू म्हणाली. "सकाळी टेबल रिकामं असतं."

त्या आल्या. पुढच्या रविवारी आणखी दोघी आल्या, आपापलं पॅडल घेऊन. काकू प्रत्येकीला आधी म्हणे, "पॅडल राहू दे. हात दाखवा."

अशाच एका रविवारी सगळ्या गेल्यावर आत्या चहाला थांबली. मी तिथे होते, पण नसते तरी ती थांबली असती.

"उन्हाळ्यात मोठी स्पर्धा आहे," ती म्हणाली. "पन्नाशीपुढच्या गटात आपली नावं देऊन टाकते."

"खुल्या गटात दे," काकू म्हणाली.

"अगं, तिथे विशी-पंचविशीतल्या पोरी असतात."

"असू देत. त्यांनाही हरायची सवय व्हायला हवी."

आत्याने बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला आणि फोन उचलला.