मोहाची नऊ झाडं

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडणं. फाल्गुनातली दुपार होती. मी टरफलं फोडून टाकत होतो, ती चिंचोके काढत होती. मधेच तिनं हात पुसायला माझ्याकडे फडकं फेकलं.

"थो कागद भरा आता. बाई उद्या घ्याले येनार हायेत."

कागद विद्यापीठाचा होता. तिथल्या एक प्राध्यापक बाई आमच्या गावात येऊन गेल्या होत्या. बाहेरदेशचे विद्यार्थी आपल्या जिल्ह्यात शिकायला यावेत, आपले तिकडे जावेत, याचा आराखडा ठरायचा होता. त्याला आंतरराष्ट्रीयीकरण म्हणतात. मी चौथीपर्यंत गेलेला माणूस, तो शब्द तीन ठिकाणी थांबून वाचला. खाली एकच प्रश्न होता : परदेशी विद्यार्थ्याला तुमच्या घरी काय शिकता येईल?

"काही नाई," मी म्हणालो. "इथी काय ठेवलं हाय?"

"तुमच्यापाशी नाईच काही. तंबाखू मळनं तेवढं शिकवा. माह्यं लिवा."

आणि ती सुरू झाली. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, त्यांचा कडूपणा कसा काढायचा. पावसात उगवणारे टेकोडे, म्हणजे अळंबी, त्यांतले खायचे कोणते आणि माणूस मारणारे कोणते. मोहफूल वर्षभर किडीवाचून कसं ठेवायचं. मला हे सगळं फालतू वाटलं. रोजचं काम, त्यात शिकवायचं काय? मी आपलं माझंच लिहीत गेलो. बांबूचं कुंपण. नांगराचा दांडा. तिच्यावरच्या रागानं तंबाखूही लिहिली.

"लिवलं का?"

"लिवलं."

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून खोटं बोललो.

"आनि आपल्या नऊ झाडाईची चव लिवा. नऊच्या नऊ येगळ्या हायेत."

"मोहा म्हनजे मोहा. त्याची कायची चव? वासानंच माहं डोस्कं उठते."

ती इतकी हसली की चिंचोके सांडले. "चाळीस वर्सं खाऊन राह्यले, अन् जिभेले पत्ता नाई!"

मग तिनं चहा ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी ती विहिरीवरून आली, पाण्याने भरलेला पितळी गुंड खाली ठेवला, उंबऱ्यावर टेकली आणि उठली नाही. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

तेरवीनंतर बाईंचा निरोप आला की विद्यापीठात बैठक आहे, गावागावातून माणसं बोलावली आहेत. घरातले म्हणाले, एवढ्यात बाहेर पडू नका. मी पडलो. मला तो कागद दुरुस्त करायचा होता. तिनं सांगितलेलं माझ्याशिवाय कोणी ऐकलं नव्हतं, आणि मीही अर्ध्या कानानंच ऐकलं होतं. बसमध्ये सगळा रस्ता बोटांवर एकेक मोजत गेलो, विसरू नये म्हणून.

बैठकीत मोठं टेबल होतं, भिंतीवर पडदा. मोठ्या शहरातून आलेले एक सल्लागार साहेब चित्रं दाखवत होते. इंग्रजीतून व्यवस्थापनाचे वर्ग, एसीचं वसतिगृह, दहा ठिकाणी करार. कुलगुरू साहेब आमच्याकडे वळले. "भाऊ, तुम्हाला काय वाटतं?"

मी उभा राहिलो. "साहेब, एसी त्याईच्या देशात नाई का?"

हशा पिकला. सल्लागार साहेबही हसले, जरा उशिरा.

"इतक्या दुरून येनारं पोरगं जे त्याच्याइथी भेटत नाई त्याच्यासाठीच येईन ना?"

बाईंनी लगेच माझा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. कुंपण, दांडा, तंबाखू. पुन्हा हशा.

"थो कागद खोटा हाय," मी म्हणालो. "माह्या बायकोनं सांगतलं अन् मी लिवलं नाई. थे गेली आता. आठवते तेवढं सांगतो, लिवून घ्या."

कोणी हसलं नाही. मी बोटांवर मोजत सांगू लागलो, पार नऊ झाडांपर्यंत. वनस्पतिशास्त्राचे एक सर खुर्ची ओढत माझ्याजवळच आले. "टेकोड्यांचं परत सांगा!" आरमोरीकडच्या एका बाईनं मला मधेच तोडलं, "भाऊ, वास्ते असे नाई करत, पानी दोनदा फेकाव लागते!" मग तीही सांगू लागली, तिच्या शेजारचीही. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. चैत्रात एक महिना, गावातच वर्ग. एक परदेशी विद्यार्थी, एक आपला, अशी जोडी. शिकवणार गावच्या बाया. किती जणांनी यायचं आणि जंगलात कशाला हात लावायचा नाही, हे ग्रामसभा ठरवणार. कुलगुरू साहेब उभ्यानंच लिहीत होते. सोळा दिवस मला भूक लागली नव्हती. तिथं मी दोन समोसे खाल्ले. मग लाज वाटली. मग तिसरा खाल्ला.

पडद्यावर आता एक म्हाताऱ्या प्राध्यापिका आल्या. कुठल्याशा थंड देशातल्या, त्यांच्या विद्यापीठाशी करार व्हायचा होता. बाई त्यांचं बोलणं मराठीत सांगत होत्या. त्यांच्याकडेही म्हाताऱ्या बाया जंगलातून फळं वेचून आणतात, आणि जागा कुणाला सांगत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "त्या नऊ झाडांत फरक काय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मले मालूम नाई," मी म्हणालो. "नाल्यावरच्या झाडाचं फूल थे येगळ्या टोपलीत टाके, एवढंच पाह्यलं. काऊन, थे कधी इचारलं नाई."

पडद्यावरच्या बाई पुढं झुकून काहीतरी बोलल्या. "पुढच्या चैत्रात त्या विद्यार्थ्यांना घेऊन येणार आहेत," आमच्या बाई म्हणाल्या. "तोवर शोधून ठेवाल का, विचारताहेत."

"तोवर कुठचं, बाई? फुलं पडाचे आठ दिवस राह्यले. उद्याच लागतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी तिच्या चार टोपल्या घेतल्या. नऊ नव्हत्याच, म्हणून सूप, घमेलं, असेल ते घेतलं. तो कागद बाईंकडून मागून आणला होता, त्याची मागची बाजू कोरी होती. बांधावरच्या झाडाखाली बसलो, फूल झटकलं, डोळे मिटून चावलं. गोड, मागून तुरट. लिहिलं. दुसरं नुसतंच पाणचट. तिसरं इतकं गोड की दात शिवशिवले. चौथ्याला कडवट झाक. एकाची चव दुसऱ्याला नाही. ती खरं बोलत होती! मी रानात एकटाच मोठ्यानं म्हणालो, "हाव वं, येगळ्या हायेत!"

पाचवं नाल्यावरचं. फूल नाकाशी नेलं, पुन्हा नेलं. त्याला वासच नव्हता.

दर वर्षी मोहाच्या गोड पोळ्या करायची ती. मी वासाच्या नावानं बोंब मारायचो आणि पोळ्या मात्र चार-चार खायचो. कधी डोकं दुखलं नाही. मला वाटायचं, भाजल्यावर वास जातो.

तिच्या वेगळ्या टोपलीत ती फुलं वेचून भरली. कागदावर लिहिलं : नाल्यावरचं, वास नाही, पोळ्यांसाठी. मग सहाव्या झाडाकडे निघालो.