थंड इंजिनाचा लाल काटा

नेरच्या बसस्टँडमागे उकंडा खोब्रागडेचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन तो लष्कराच्या मोटार डेपोत सात वर्षं होता. इंजिन उघडायला आणि बसवायला तिथंच शिकला. छप्पन साली नागपूरहून बौद्ध होऊन आल्यावर त्याच्या घरानं गावकीची कामं कायमची सोडली. गाव रुसलं. पण ट्रक बंद पडला की रुसवा विसरून लोक त्याच्याच दारात यायचे.

एकसष्ट सालच्या कापसाच्या हंगामात एका सकाळी जिनिंग कारखान्याचा मालक पंजाबराव याची जीप दारात थांबली. तो खाली उतरलासुद्धा नाही.

“उकंड्या, माह्या ट्रकच्या हेडचं पॅकिंग कोणं बसवलं होतं?”

“मीच. महिना झाला.”

“गेलं ते. दर पाच मैलावर गाडी तापते. परवा बडनेऱ्याले गाठी पोचेपर्यंत वॅगन निघून गेली. अमरावतीचा मिस्त्री म्हणते, पुरं इंजन खोला.” समोरच्या देवीलालच्या हॉटेलात चहा पिणारी माणसं ऐकत होती. पंजाबराव त्यांच्याकडे वळला. “ह्या लोकायच्या हाती इंजन देलं का असंच होते. चूक माहीच.”

जीप निघून गेली. उकंडाच्या हातातला पाना तसाच राहिला. कानशिलं तापली होती. नुसतं पॅकिंग गेलं म्हणाला असता तर तो हातातलं काम टाकून बघायला गेला असता. पण ‘ह्या लोकायच्या’? आणि त्या रागाच्या खाली एक शंका होती, तिचा त्याला जास्त राग येत होता. खरंच आपल्या हातून काही राहिलं असेल तर? पॅकिंग दाबून धरणारे हेडचे बोल्ट त्यानं मनातल्या मनात पुन्हा आवळले. मधून कडेकडे, तीन फेऱ्या. एकही सुटला नव्हता.

दुपारी त्या ट्रकचा ड्रायव्हर फकिरा आला. मुद्दाम गाडी थांबवतो म्हणून पंजाबरावनं त्याला घरी बसवलं होतं.

“गरमीचा काटा लालीत गेला का मी थांबणारच ना, मिस्त्री,” फकिरा म्हणाला. “इंजन जाम झालं असतं तं मलेच धरलं असतं.”

“रेडिएटरचं झाकण खोलून पाह्यलं?”

“पाह्यलं. वाफ नाही, काही नाही. पाणी जागच्या जागी. मी मालकाले सांगतलं, ते आयकूनच नाही राह्यले.”

“आधी कधी असं होत होतं?”

“नाही. दिवाळीनंतर सुरू झालं. रस्ता खराब लागला का काटा एकदम उडते.”

उकंडानं पाना खाली ठेवला. पाणी तापतं तेव्हा काटा हळूहळू चढतो. उडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो निघाला. बायको रुखमाबाईनं विचारलं, “त्याच्याच दारात काम मागाले चालले का?”

“काम मागाले नाही,” तो म्हणाला.

जिनिंगच्या आवारात ट्रक रात्रभर उभा होता. उकंडानं पंजाबरावला बाहेर बोलावलं आणि रेडिएटरवर हात ठेवायला सांगितलं.

“थंड आहे. मंग?” पंजाबराव म्हणाला.

सोबत आलेल्या फकिरानं चावी फिरवली. इंजिन सुरू केलं नाही. काटा थंडावरच राहिला. पंजाबराव हसला. “झालं दाखवून?”

डॅशबोर्डखाली हात घालून उकंडानं तारांचा जुडगा हलवला. काटा एका झटक्यात लालीत गेला.

“आता सांगा, कोणतं पाणी उकळलं?”

इंजिनाच्या पाण्यात बसवलेल्या पितळी बटणापासून काट्यापर्यंत एक तार येते. काटा तिच्यावर चालतो आणि ती उघडी पडून लोखंडाला टेकली की थंड इंजिनातही लालीत जातो. उकंडानं बटणापासून तार सोडवली, तरी काटा लालीतच. म्हणजे बटण चांगलं होतं. तारच मध्ये कुठंतरी लोखंडाला टेकत होती. बोटांनी चाचपत तो तिच्यामागून गेला. पंजाबरावनं दिवाळीत हौसेनं दुसरा, मोठा हॉर्न लावून घेतला होता. त्याच्या पट्टीखाली ती तार दाबली गेली होती. वरचं रबर कापलं जाऊन आतलं तांबं चमकत होतं.

“हा हॉर्न म्या नाही लावला,” उकंडा म्हणाला.

“बरं झालं, सापडलं. लाव मंग नवी तार.”

“आधी देवीलालच्या हॉटेलासमोर चाला. जे बोलले ते तिथंच वापस घ्या. अन् ह्याले कामावर घ्या.”

“एवढ्याशा तारेपायी?”

“तारेपायी नाही. तुम्हाले मालूम आहे.”

पंजाबरावनं मान फिरवली. उकंडानं कापलेल्या तारेचा तुकडा तोडून खिशात टाकला, सोबत आणलेली नवी तार फकिराच्या हातात दिली, कशी ओढायची ते समजावलं आणि चालता झाला.

हंगाम ऐन भरात होता आणि दुसरा ड्रायव्हर मिळेना, म्हणून फकिराला त्याच दिवशी परत घेतलं. शब्द मात्र परत घेतला गेला नाही. उकंडा स्वतःच हॉटेलात गेला, तारेचा तुकडा टेबलावर ठेवला आणि झालं ते सगळ्यांना सांगितलं. लोकांनी तुकडा हातात घेऊन पाहिला. मग देवीलाल समजावणीच्या सुरात म्हणाला, “तुह्यं खरं आहे रे. पण मोठ्या माणसाले त्याच्या दारात जाऊन असं बोलू नये.”

उकंडा चहा न पिताच उठला.

पुढच्या वर्षी त्याच ट्रकचा गिअरबॉक्स फुटला. पंजाबरावच्या मजुरांनी बैल जुंपून तो ओढत आणला आणि पत्र्याच्या शेडसमोर उभा केला. उकंडा दुसऱ्या गाडीखाली होता. तो बाहेर आलाच नाही. “दुसरा मिस्त्री पाहा म्हणावं,” एवढंच त्यानं खालून सांगितलं. मजुरांनी ट्रक पुन्हा ओढत नेला.

“झालं ना आता वर्ष,” रुखमाबाई त्या दिवशी भाकर वाढताना म्हणाली. “किती दिवस धरून बसता?”

“नुसतं माह्या कामाले नाव ठेवलं असतं तं कवाच विसरलो असतो,” तो म्हणाला, आणि जेवू लागला.